हातात कसब, कपाळी ‘अडाणी’

ज्याच्या हाताने घर उभे राहते तो अडाणी, आणि त्या घरात बसून जो घराविषयी निबंध लिहितो तो विद्वान, अशी आपल्या देशात फार जुनी वाटणी झालेली आहे. ती कोणी केली व कोणाच्या सोयीसाठी केली, हे ह्या पत्राच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु अलीकडे ह्या जुन्या वाटणीला एक नवे शेपूट फुटले आहे आणि त्याचा समाचार घेणे आम्हांस भाग आहे.

हे शेपूट असे. शहरातील कलावंत मंडळी आता म्हणू लागली आहेत की, चित्र काढून भिंतीवर टांगणे ही जुनी गोष्ट झाली. चार माणसांनी एकत्र बसावे, एकाने दुसऱ्यास आपले कसब दाखवावे, दुसऱ्याने स्वतःच्या हाताने वस्तू करून पाहावी. हे बसणे, हे दाखविणे, हे करून पाहणे हीच खरी कला. हे ऐकून आम्हांस आनंद झाला आणि हसूही आले. अहो, मग आमची म्हातारी पन्नास वर्षे दुसरे काय करीत होती? जुनी लुगडी एकावर एक अंथरून, चार सुनांना चार कोपऱ्यांवर बसवून, धावदोरा कसा घालावा, थर कसा ताणावा म्हणजे चुणी पडत नाही, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी बसवावा, हे ती सांगत होती. त्या गोधडीखाली आपण सारे वाढलो. पण तिला कलावंत म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आता तीच गोधडी शहरातील काचेच्या दुकानात इंग्रजी नाव लावून टांगली की तिची किंमत बैलाच्या झुलीइतकी होते, आणि ती शिवावयास शिकविण्याचे रविवारचे वर्ग निघतात, तेथे फी भरून बसावे लागते. शिकविणारी कोण? जिने मागल्या वर्षी ती कोणा म्हातारीपासून शिकून घेतली, ती. म्हातारीचे नाव कोठे? कोठेच नाही.

विचाराशी आमचे भांडण मुळीच नाही. विचार चांगला आहे आणि तो आमचाच आहे. भांडण आहे ते मानाविषयी आणि मोबदल्याविषयी.

जर्मनीत योसेफ बॉइस नावाचा एक मोठा कलावंत होऊन गेला (१९२१ ते १९८६). प्रत्येक मनुष्य कलावंत आहे, असे तो सांगत असे. मोठ्या मनाचा मनुष्य. पण त्याच देशाची एक जुनी हकीकतही ऐका. १९१९ साली वायमार शहरी ‘बाउहाउस’ नावाची कलाशाळा निघाली. कलावंत आणि कारागीर ह्यांच्यामधली भिंत पाडावयाची, असा तिचा उद्देश. म्हणून तेथील प्रत्येक कार्यशाळेला दोन मास्तर नेमले, एक चित्रकार व एक कसबी कारागीर. उद्देश किती सुंदर! परंतु शाळेचा कारभार ज्या मास्तरांच्या सभेत चाले, तेथे मत द्यावयाचा हक्क चित्रकार मास्तरास. कारागीर मास्तरास तो नव्हता. भिंत पाडावयाची असे म्हणून ज्यांनी कुदळ उचलली, त्यांनीही आपल्या बाजूच्या चार विटा तशाच ठेवल्या! आमच्याकडे १८५७ साली मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली. देशी कारागिरी सुधारावी हाच मुळात तिचा हेतू होता. १८९१ साली तिला रे आर्ट वर्कशॉप्स जोडण्यात आली. तरी आज ‘आर्टिस्ट’ म्हणताच कोणाचे रूप डोळ्यांपुढे येते आणि ‘कारागीर’ म्हणताच कोणाचे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे.

आता आमच्या ठाकुर्लीचेच पाहा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८५४ साली ती कल्याणापर्यंत आली. तेव्हापासून गाडीतला मनुष्य आमच्या गावाकडे खिडकीतून पाहत आला आहे. डोंबिवलीच्या पुढचे, कल्याणच्या अलीकडचे एक लहान ठेसन, एवढेच त्याला दिसते. पण खाडीकाठच्या ह्या पट्ट्यात आगरी शेतकऱ्याने जी विद्या साठविली होती, ती कोणत्या पुस्तकात आहे? खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध कसा घालावा, भरती-ओहोटीचा हिशेब धरून उघाडी केव्हा उघडावी व केव्हा लावावी, पावसात लावणी करताना पाठ कोरडी राहावी म्हणून इरले कसे विणावे, पाग कशी विणावी आणि कशी फेकावी म्हणजे ती गोल उघडते. ह्यातील एकही गोष्ट शाळेत शिकवीत नसत. बाप पुढे चाले, पोर मागे चाले; चुकले तर बाप शिवी देई, जमले तर काहीच बोलत नसे. ते काहीच न बोलणे हेच त्यांचे सर्टिफिकेट.

पुढे रेल्वेने चोळे गावच्या शिवारात वीजघर बांधले. विजेच्या गाड्यांना लागणारी वीज तेथे कोळसा जाळून तयार होई. बॉयलर आणि टर्बाइन हे शब्द ज्यांच्या बापजाद्यांनी ऐकले नव्हते, अशी शेतकऱ्यांची व कारागिरांची मुले रेल्वेच्या अशा कामांवर लागली. साहेबाने त्यांच्या हाती फावडे व हातोडा दिला, पुस्तक दिले नाही. यंत्राचा आवाज जरा बदलला तर कोठे बिघडले, वाफ कोठून गळते, कोणता नट उलटा फिरतो, हे जुन्याने नव्याला खांद्यावर हात ठेवून दाखविले. १९८० च्या दशकात ते वीजघर बंद पडले. यंत्रे थंडावली, आणि ज्ञान एकेका कामगाराबरोबर स्मशानात गेले. कोणी त्यांच्यापाशी वही घेऊन बसले नाही. ज्या देशात पंचांगातील तिथी चुकली तर सभा भरतात, त्या देशात शेकडो माणसांची आयुष्यभराची विद्या गेली तरी कोणी हूं की चूं केले नाही!

आणि ह्याच आगरी समाजात धवलारीण आहे, तिचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. लग्नात धवले गाऊन विधी चालविणारी ती बाई. पोथी नाही, जानवे नाही, दक्षिणेची घासाघीस नाही. सारे तोंडपाठ, आणि तेही एका बाईने दुसऱ्या बाईकडून उचललेले. वारल्यांत तिलाच धवलेरी म्हणतात. ती गाते आणि सवासिनी कुडाच्या भिंतीवर गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात. बांबूची काडी चावून तिचे टोक मऊ केले की झाली लेखणी. चौकात पालघट देवी बसते आणि तिच्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे गाणे, चित्र आणि धर्मविधी ही तिन्ही कामे एकाच जागी, एकाच वेळी, बायकांच्या हाती. शाळा कोणती? जिच्या घरी लग्न, तिच्या घरची भिंत.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुळकर्णी नावाचे चित्रकार डहाणूकडे गंजाडास गेले व त्यांनी वारल्यांच्या हाती कागद व रंग दिला. हे त्यांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. आम्ही नाव पाहून भांडणारे नव्हेत. त्यातून जिव्या सोमा मशे पुढे आले, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली आणि देशोदेशी त्यांची चित्रे गेली. २०१८ साली ते वारले. एका आदिवासी शेतमजुराला एवढा मान मिळाला ह्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. चित्र भिंतीवर होते तोवर ते बायकांचे होते, आणि त्याला नाव नव्हते. चित्र कागदावर आले, विकावयास आले, आणि खाली सही आली ती बहुतकरून पुरुषाची. हे कसे झाले? २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याचे कुंपण पडले, बरे झाले. तरी डोंबिवलीपासून दादरपर्यंत ‘वारली शिका’ असे फलक लावून जे वर्ग चालतात, त्यांतल्या कितींमध्ये शिकवावयास वारली बाई बसलेली असते, ते वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे.

आमच्या लोकांना स्वतः शिकता येत नाही, त्यांना कोणीतरी वरून शिकवावे लागते, असे ज्यांचे मत असेल त्यांनी कोल्हापूरची हकीकत ऐकावी. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे नात्याने भाऊ, मेस्त्री घराण्यातले, म्हणजे हातात पटाशी घेऊन जन्मलेले. कलाशाळेची पायरी त्यांनी चढली नाही. घरीच लाकूड, दगड आणि रंग शिकले व नाटक मंडळ्यांचे पडदे असे रंगवू लागले की लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. मेस्त्री हे आडनाव मागे पडले. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला आणि ह्या भावांनी मनात घेतले की आपणही चित्रपट काढावयाचा. पण कॅमेरा कोठून आणावा? विलायती कॅमेऱ्याला पैसा लागतो. तेव्हा ह्यांनी ठरविले, कॅमेरा आपणच करावयाचा! खटपट चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. दुसरा कोणी असता तर हाय खाऊन बसता. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास चालता कॅमेरा उभा केला. त्या कॅमेऱ्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ निघाला. शिक्षण किती, पदवी कोणती, असे कॅमेऱ्याने काही विचारले नाही.

ह्या गोष्टीत आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते कॅमेऱ्याच्याही पुढचे आहे. बाबूरावांनी आपली विद्या पेटीत कुलूप घालून ठेवली नाही. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव मेस्त्री सुताराचे, शेख फत्तेलाल मुसलमान, आणि दामले हे आडनाव कोणत्या आळीचे ते सांगावयास नको. तिघे एका टेबलाशी. पडेल ते काम करावयास आलेला एक पोरगा तेथेच पाहून पाहून शिकला, तो पुढे व्ही. शांताराम झाला. १९२९ साली ह्यांतलीच काही मंडळी बाहेर पडली व त्यांनी प्रभात कंपनी काढली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी इटलीत व्हेनिसला जगातील निवडक चित्रांत त्याची गणना झाली. देहूच्या कुणब्याची गोष्ट, आणि ती सांगणारे बिनपदवीचे! १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ तर खुद्द बाबूरावांचा. सावकाराने जमीन गिळल्यावर शेतकऱ्याचे काय होते, ते त्यांनी पडद्यावर मांडले. ज्याच्या हाताने कॅमेरा केला, त्याच्याच डोळ्यांना शेतकऱ्याचे दुःख दिसले, हा आमच्या मते योगायोग नव्हे.

राजे लोकांत ही गोष्ट ज्याला समजली असा एक मनुष्य बडोद्यास होता. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे विषय तेथे मातृभाषेतून शिकविण्याची सोय केली. इंग्रजी येत नाही म्हणून विणकराच्या पोराने दाराबाहेर उभे राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. जोतीराव फुल्यांनी त्याच्या आधी, १८८२ साली, हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते: रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या विद्येवर जातो, आणि रयतेच्या मुलाला शेतकीचे चार धडेही मिळत नाहीत. भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले स्वतः रांधीत, स्वतः राबत आणि शिकत. पाबळला १९८३ साली श्रीनाथ कलबाग ह्या शास्त्रज्ञाने नोकरी सोडून विज्ञान आश्रम काढला. तेथे शाळेत नापास झालेली पोरे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी असे सारे हाताने करीत करीत शिकू लागली. वाट दाखविणारे कमी झाले नाहीत; चालणारे कमी पडले.

आता थोडे आमच्या घरचे. आमचा कारागीर काही कमी भटपणा करीत नाही! कुंभार आपली भट्टी दुसऱ्यास दाखवीत नाही, सोनार आपले डाख कशाचे ते सांगत नाही, आणि कित्येक घरी तर मुलीला शिकवीत नाहीत. का, तर ती परघरी जाऊन विद्या नेईल. मंत्र लपविणारा पुरोहित आणि मसाला लपविणारा मिस्त्री, ह्यांच्यात फरक काय तो सांगा. पोट भरण्याचे साधन आहे, ते उघडे करावे कसे, ही अडचण आम्ही जाणतो. अडचण खरी आहे. पण लपविलेली विद्या शेवटी धन्याबरोबर जळते, हे आपण चोळ्याच्या वीजघरात पाहिले.

दुसरा धोका ह्याहून मोठा आहे, आणि तो गोड बोलून येतो. ‘परंपरागत कला जपा, बापाचा धंदा मुलाने करावा, त्यातच सौंदर्य आहे.’ सावध असा! १९५३ साली मद्रासेत राजगोपालाचारींनी असाच बेत केला होता. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळी बापाचा धंदा शिकावा. म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरावा, धोब्याच्याने भट्टी, आणि वकिलाच्याने? पेरियार रामस्वामी आणि द्रविड पक्षांनी रान उठविले, राजाजींना खुर्ची सोडावी लागली व १९५४ साली कामराजांनी ती योजना गुंडाळली. आम्ही हाताच्या विद्येची तरफदारी करतो ती जातीच्या दाव्याला पोराला बांधण्यासाठी नव्हे. सुताराच्या मुलीने डॉक्टर व्हावे आणि जोशीबुवांच्या मुलाने खुशाल रंधा मारावा. विद्या हातोहात फिरली पाहिजे. ती रक्तातून वाहते असे जो म्हणेल, त्याला वर्णव्यवस्था मागच्या दाराने आत घ्यावयाची आहे असे समजा.

सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना काढली. अठरा धंदे, पाच ते सात दिवसांचे शिक्षण, रोजचे पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाख कर्ज. अवजारे मिळोत, कर्ज मिळो. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे, आणि ज्याचा हक्क बसतो त्याने ते सोडू नये. पण दोन गोष्टी आम्हांस खुपतात. ज्याने तीस वर्षे रंधा मारला तो ह्या पाच दिवसांत शिकाऊ म्हणून बसतो. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यालाच मास्तर करून, मास्तराचा पगार देऊन, शेजारच्या पोरांपुढे उभा करणार की नाही? दुसरी गोष्ट, लाभ एका कुटुंबातून एकालाच. कुंभाराच्या घरी माती चाळते, भिजवते आणि तुडवते ती कुंभारीण. मडके थापून वाळविण्यातही तिचा हात. कागद मात्र निघणार एकाच नावावर, आणि ते नाव कोणाचे निघेल ह्यावर पैज लावावयास कोणी तयार होणार नाही.

तेव्हा ठाकुर्लीकरांनी सरकारची वाट पाहत बसू नये. आज ह्या गावात कोण नाही? मूळचे आगरी आहेत. रत्नागिरी, सातारा, खानदेश इकडून पोटासाठी आलेले आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर आणि वायरमन आहेत. कोणी न शिकविता मोबाइल उघडून दुरुस्त करणारी विशीतली पोरे आहेत. नव्वद फुटी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी भातशेतीच्या जागी इमारती आल्या, आणि एकेका जिन्यात दहा जिल्ह्यांची कसबे कुलूप लावून बसली आहेत. शेजारणीला शेजारणीचे कसब ठाऊक नाही.

महापालिकेच्या शाळा रविवारी बंद असतात. त्यातील एक खोली, दोन दिवे आणि पिण्याचे पाणी एवढे मागावे. अर्ज दहा जणांच्या सहीने द्यावा आणि त्यात निदान पाच सह्या बायकांच्या असाव्यात. फी घेऊ नये. पण शिकविणाऱ्याचा रोज बुडत असेल तर तो वर्गणीतून भरून द्यावा, कारण फुकट घेतलेल्या विद्येची लोक कदर करीत नाहीत आणि उपाशी मास्तर दुसऱ्या रविवारी येत नाही. जात विचारू नये. आज जो शिकला त्याने पुढे केव्हातरी शिकविलेच पाहिजे, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा. एक वही ठेवावी आणि शाळेतल्या एखाद्या मुलीने तीत सारे साध्या मराठीत लिहावे: काय शिकविले, कोणती वस्तू किती लागली, कोठे हात चुकतो. आणि वर मोठ्या अक्षरात शिकविणाऱ्याचे किंवा शिकविणारीचे पूर्ण नाव.

पहिल्या रविवारी गोधडी घ्यावी, कारण तिला भांडवल लागत नाही. जुने लुगडे, सुई आणि दोरा ज्याने त्याने घरून आणावा. कात्री एक असली तरी चालेल. पुरुषांनीही बसावे. दुसऱ्या रविवारी फिटरदादांनी पंप उघडून दाखवावा, आणि त्या दिवशी पुढच्या रांगेत बायका.